सोडलेला हात

…आणि टोपीच्या आत रेषा होत्या. अंगठ्याच्या पेराएवढी रबराची टोपी, काळसर, कडेला फाटायला आलेली. ती उलटी करून स्पिरिटच्या कापसाने पुसता पुसता तिला त्या दिसल्या — बारीक, गोल फिरत मधोमध जाणाऱ्या, साचलेल्या पाण्यात खडा टाकावा तशा. आधी वाटलं, साच्याच्या असतील. मग तिने आपला अंगठा खिडकीच्या उजेडात धरला, एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा अंगठ्याकडे, आणि कापूस खाली ठेवला. साच्याच्या नव्हत्या. तिच्याच होत्या. इतकी वर्षं रोज आत जाऊन जाऊन अंगठ्याने स्वतःला आतून गिरवून ठेवलं होतं, तिला न विचारता.

खालच्या मजल्यावरचा छापखाना सुरू झाला आणि टेबल नेहमीसारखं थरथरू लागलं. आज समिती येणार, म्हणून दुपारी तासभर यंत्र बंद ठेवा अशी विनंती वरचं काम चालवणाऱ्या डॉक्टरांनी छापखान्याच्या मालकाला करून ठेवली होती, आणि तुमचं आपलं बरं आहे, सरकार पोसतंय, असं दर वेळेसारखं म्हणून त्याने दर वेळेसारखा होकार दिला होता. तोवर हे असंच चालायचं. खाली कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका, औषधांची खोकी, शाळांच्या वह्यांची वेष्टणं धडाधड छापली जाणार, आणि वर मूठभर माणसं अशा कामाला बसलेली की ज्यात केसाएवढी थरथर खपत नाही. कंपनी म्हणायचं वरच्या या कामाला. पण सरकारी कचेरीत गेलं की तिथले लोक हिला खाजगी समजून दाराबाहेर बसवत, आणि खाजगीतले लोक सरकारी समजून हसत. दोन घरची पाहुणी, हे तिचे शब्द. आणि पाहुणीला दोन्ही घरी जेवण उशिराच मिळतं, हे फिटरकाकांचे.

टोपी तिने पुन्हा सुलटी केली आणि यंत्राच्या अंगठ्यावर चढवली.

यंत्र स्पंजच्या गादीवर पडलं होतं. हातमोजा म्हणावा तर मोजा नाही, पिंजरा म्हणावा तर पिंजरा नाही — पाच बोटांसाठी पाच टोप्या, त्यांतून मागे गेलेल्या तारा, मनगटावर पट्टा, कोपराच्या अलीकडे दोन छोट्या मोटरी आणि एक हिरवा दिवा. ज्याच्या हातातली ताकद गेली त्याने हे चढवायचं, आणि मोटरींनी तारा ओढून त्याच्या बोटांकडून पेला उचलून घ्यायचा. एवढंच. सांगायला एका वाक्याचं काम होतं, आणि तिच्या आयुष्यातली चांगली वर्षं त्या वाक्यात गेली होती. याला सगळे 'जावई' म्हणत. नाव काकांनी ठेवलेलं. गादीवर बसतो, खायला वीज मागतो, जरा गरम झालं की रुसतो, आणि पाहुणे आले की तेवढा उठून पेला उचलून दाखवतो — जावई नाहीतर काय? डॉक्टरांना हे नाव आवडत नसे. पण मागे एकदा समितीसमोर घाईत त्यांच्याही तोंडून निघून गेलं होतं, आणि त्यानंतर ते कुणाला टोकेनासे झाले.

इथे वर्षं कुणी मोजत नाही, टप्पे मोजतात. सरकार पैसे टप्प्याटप्प्याने देतं. टप्पा संपत आला की समिती येते, पेला उचललेला बघते, प्रगती समाधानकारक म्हणून लिहून जाते आणि पुढचा टप्पा मिळतो. बाहेरच्या जगात उन्हाळे-पावसाळे होतात तसे यांचे टप्पे होत. काकांच्या मुलीचं लग्न दुसऱ्या टप्प्यात झालं. डॉक्टरांचे केस तिसऱ्यात पिकले. तिची मुलगी शिकायला दूर गेली तीही तिसऱ्यातच, जरा शेवटाकडे. आणि चौथा टप्पा अर्ध्यावर आला असताना, एका साध्या सकाळी, तिचा नवरा औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर उभा होता, तेव्हा आधी ब्रश पडला, मग रंगाचा डबा, मग तो. त्या पाटीवर पहिली तीन अक्षरं अजून त्याची आहेत, पुढची दुसऱ्या कुणी पुरी केली. ज्याला माहीत नाही त्याला काही कळत नाही. तिला त्या रस्त्याने जाता येत नाही.

उजवा हात गेला. बोलणं अडखळत अडखळत परत आलं, पाय ओढत का होईना परत आला, हात आला नाही. तेव्हा लोक तिला म्हणाले — किती बरं झालं बघ, तुझंच तर हे काम. जणू तिने आधीच ओळखून, वेळेवर नोकरी धरून ठेवली होती. आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं होतं तसं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या, मन कुठेच लागत नसताना, एक निर्लज्ज विचार आला होता — आपल्याकडे आहे. आपल्या गादीवर आहे. आणखी एक टप्पा, फार तर दोन…

"ताई, पेला." काका दारात उभे होते. हातात काचेचा पेला, धुऊन पुसून आरपार लख्ख केलेला. समितीसाठी पेला काचेचाच लागतो, निम्मा पाण्याने भरून. पाणी हललं नाही हे त्यांना दिसायला हवं. तो टेबलावर ठेवून काका जरा घुटमळले. मग म्हणाले, तारांना सकाळीच तेल दिलंय, काळजी नको, आणि तुमचा हात असला की मला तशीही काळजी नसते. एवढं म्हणून ते गेले. जाताना त्यांची चप्पल फरशीवर चटचट वाजत गेली, तिच्या नवऱ्याच्या पाठीमागे त्याचा पाय फरफटत येतो त्याच्या अगदी उलट, हलकी.

तुमचा हात असला की…

पहिल्या टप्प्यात तो योगायोगाने तिचा हात झाला. पेशंटवर बसवून बघायला वेगळी परवानगी लागते, ती नंतर मिळणार होती. तोवर धडधाकट माणसाने हात सैल सोडून बसायचं आणि यंत्राला काम करू द्यायचं. सगळ्यांनी करून पाहिलं. डॉक्टरांचा हात सुटेना, ते मनातून सतत काहीतरी धरून असत. काकांच्या हातावर चढवला तेव्हा पेला खाली आपटून फुटला, आणि सगळे हसून म्हणाले की काका, तुम्हाला हात सोडताच येत नाही, जन्मभर पान्हा धरलेला हात तो. आणि मग तिने हात पुढे केला होता. तिला येत होतं. मुलगी लहान असताना खांद्यावर झोपायची, तेव्हा झोप लागली की नाही हे बघायला ती तिचा इवलासा हात उचलून सोडून द्यायची — लागली असली तर तो हात असा पडायचा, असा, की त्यात कुणीच राहत नाही. तेवढं तिने आठवलं आणि आपल्या हातातून बाहेर निघून आली. मोटर कुरकुरली, बोटं मिटली, पेला उचलला गेला. काकांनी टाळी वाजवली होती. हात सोडावा तर ताईंनी, असं तेव्हापासून सगळे म्हणू लागले, आणि तिला ते ऐकायला आवडायचं. घरी दारी सगळं धरून ठेवणाऱ्या बाईला कुणीतरी म्हणत होतं की तुला सोडता येतं.

मग तारांची लांबी तिच्या हातावर ठरली. टोप्या तिच्या बोटांच्या मापाने ओतल्या. मोटरीने किती ओढायचं, कुठे थांबायचं, कधी सैल व्हायचं, हे सगळं तिच्या हाताला विचारून विचारून बसवलं; आणि हात उत्तर देत गेला. कुणाला काय उत्तर देतोय, हे मात्र त्याने तिला कधी सांगितलं नाही.

रविवारी तिने जावई घरी नेला.

बाहेर न्यायचा नाही असा नियम होता, आणि इतके दिवस ती स्वतःला तेच कारण सांगत आली होती. भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवला, वर टॉवेल टाकला. रस्त्यात ओळखीची एक बाई भेटली, काय मिळाली आज भाजी, म्हणाली, आणि तिने दोडकी म्हणून सांगितलं. घरी आल्यावर नवरा खिडकीशी खुर्चीत बसला होता. पिशवीतून काय निघतंय ते पाहून त्याचा डोळा लकाकला. एक डोळा, दुसरा अजून मागे मागे असतो.

"आले का जावईबापू," तो म्हणाला. एकेक शब्द चढण चढून आल्यासारखा येत होता. "बसा म्हणावं. पाणी विचारा त्यांना." आणि मग, पाट्या रंगवता रंगवता यमकं जुळवायची जुनी खोड उसळून आली — "जावई आला घरी… पेला उचल तरी."

ती हसली होती. कितीतरी दिवसांनी दोघं एकाच वेळी हसली होती. मग तिने स्टुलावर बसून त्याचा हात मांडीवर घेतला. रोज सकाळी ती हा हात कोमट पाण्यात धरते आणि एकेक बोट सोडवते; झोपलेल्या मुलाच्या मुठीतून गोळी काढावी तसं — ओढलं तर मूठ आणखी आवळते, थांबलं तर थोडी उमलते. बोट मागे टेकवून टोपी घालायची, तोवर आधीचं बोट टोपीसकट मिटलेलं. घामाघूम होऊन पाचही टोप्या बसवल्या, पट्टा आवळला, दिवा लागला. मोटर कुरकुरली. तारा ताणल्या. आणि काही झालं नाही. नाही, झालं — मिटलेली मूठ आणखी मिटली. यंत्राला मिटता येत होतं. तेच तर त्याला शिकवलं होतं. आणि या हाताला उघडायचं होतं. मोटर तापली, नवऱ्याच्या कपाळावर शीर उठली, तेव्हा तिने घाईघाईने बॅटरीची वायर उपटून काढली.

हा हात सैल नाही. हा घट्ट आहे. इतके टप्पे आम्ही ज्या हाताची मनात मूर्ती धरून बसलो तो हात मेल्यासारखा सैल होता, माझ्या हातासारखा, आणि रोज सकाळी मी ज्याची बोटं सोडवते तो असा… मला माहीत नव्हतं? पुस्तकात होतं. आमच्याच पहिल्या अहवालात एक ओळ होती, की आवळलेल्या हातांचा विचार पुढील टप्प्यात केला जाईल. दुसऱ्या अहवालातही ती ओळ तशीच उतरली, तिसऱ्यातही. आणि पुस्तक राहू दे, माझ्या तळव्यांना माहीत होतं. फक्त घरचा हात आणि कामावरचा हात यांची कधी गाठ पडली नव्हती. मी एक उंबऱ्याच्या आत ठेवत होते, एक बाहेर. दोन्ही मीच धुवत होते.

पण रविवार तिथे संपला नाही. संपता तर ती आज दमली असती, पण अशी दमली नसती.

नवऱ्याचं तोंड उतरलं होतं, तो भिंतीकडे बघत होता, आणि त्याला वाटू नये की सगळंच फुकट — त्यालाच वाटू नये, की मला? — म्हणून तिने यंत्र आपल्या हातावर चढवलं. असं करतो हा, बघा तरी, म्हणाली. स्टुलावर पाण्याचा पेला होता. तिने डोळे मिटले, मुलीचा झोपलेला हात आठवला, हातातून बाहेर आली. बोटं मिटली. पेला उचलला गेला. हळू, गुळगुळीत, समितीपुढे जातो तसाच. पाणी हललं नाही.

तिने डोळे उघडले तर नवरा पेल्याकडे बघत नव्हता. कोपराकडे बघत होता.

"अगं," तो म्हणाला, "दिवा कुठे लागलाय?"

वायर स्टुलावर पडली होती, तिने उपटून ठेवली तिथे.

"मग उचललं कोणी?"

पेला हवेत तसाच होता. तो खाली ठेवायचा कसा, हे तिला सुचेना, ठेवणार कोण? नवऱ्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला काहीतरी कळलं असावं, कारण मग तो घाईने, शब्दांना ठेचकाळत, चेष्टेवर आला — म्हणजे जावई बसून खातो, राबते सासूच. आणि हसला. ती हसली नाही. त्या हसण्यात एकटा पडून तोही थांबला.

तेव्हापासून तिला हात दिसू लागला आहे. नळ फिरवताना, केस विंचरताना, दाराची कडी सरकवताना — आता कोण? आता कोण? पायऱ्यांच्या कठड्यावर हात आपला आपण गेला की ती दचकते. सकाळी नवऱ्याला खुर्चीतून उठवताना ती त्याच्या काखेत हात घालते, आणि तो उभा राहिला की रोज म्हणते, बघा, आज तुम्हीच उठलात. परवा सोमवारी हे तोंडापर्यंत आलं आणि थांबलं. नवरा वाट बघत होता. रोज तिने ते म्हणायचं आणि त्याने मानायचं, असं त्यांचं ठरून गेलेलं. दोघांनाही माहीत, की जोर कुणाचा. पण किती कुणाचा? थोडा तरी त्याचा असेलच ना. थोडा असेल तर ते वाक्य पुरतं खोटं नाही. आणि मग जावयातही थोडा… मोटर तर रोज फिरत होती, वीज खात होती, आकडे उमटत होते. एका बैलगाडीला दोन बैल, आणि कुणी कधी जू काढून पाहिलं नाही की ओढतोय कोणता.

सोमवारी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली होती. उभ्या उभ्याच सांगितलं. यंत्र घरी नेलं हे आधी सांगितलं, म्हणजे ते त्याबद्दल रागावतील आणि बाकीचं सांगणं सोपं होईल. ते रागावले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले, आणि बिनचष्म्याचा त्यांचा चेहरा तिला अचानक फार एकटा वाटला, उघड्यावर ठेवलेल्या भांड्यासारखा. मग ते समजावणीच्या सुरात बोलले. माणसाचा हात आहे, थोडा हलणारच. एका दिवसाच्या एका प्रकारावरून काही ठरत नसतं. आणि पुढचा टप्पा कशासाठी मागतोय आपण? पेशंटसाठीच ना? परवानगी मिळाली की दवाखान्यातच जायचंय, तिथे आवळलेले हातही बघू, सगळं बघू. परवानगीच नाही मिळाली तर तुमच्या मिस्टरांच्या हाताचा विचार करायला तरी कोण उरणार आहे?

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेच अवघड होतं. त्या खोलीतून बाहेर येताना तिला वाटलं की डॉक्टरांच्या काखेतही कुणीतरी हात घातलेला आहे, आणि कुणीतरी त्यांना रोज म्हणतंय की बघा, तुम्हीच उठलात. ते कुणीतरी मीच असेन. इतके टप्पे.

खालचं यंत्र बंद झालं. एकाएकी सगळी इमारत कान टवकारून बसल्यासारखी झाली. समिती आली.

मागच्या बाजूच्या लांबट खोलीत टेबलावर हिरवं कापड घातलं होतं. समितीत तिघं. दोघं पूर्वीचेच — एक नेहमी पहिल्या पाच मिनिटांत घड्याळ बघणारे, दुसरे नेहमी शेवटी एखादी स्पेलिंगची चूक काढणारे — आणि तिसऱ्या बाई नव्या. वयाने तिच्याएवढ्याच. दवाखान्यातून आल्या होत्या म्हणे, अशा हातांच्याच; बोलता बोलता स्वतःचं उजवं मनगट डाव्या हाताने चोळत होत्या. डॉक्टर पडद्यावर रेषा दाखवत होते. या टप्प्यातली रेषा मागच्या टप्प्यातल्या रेषेपेक्षा सरळ होती. किती सरळ, किती देखणी. तिला वाटलं, ही माझीच आहे, टोपीच्या आत उमटलेली तशीच, फक्त ताणून लांब केलेली. दारापाशी काका हात मागे बांधून उभे होते. पुढचा टप्पा नाही मिळाला तर मेव्हण्याकडे खिडक्यांच्या जाळ्या करायला जाईन, असं ते काल चेष्टेत म्हणाले होते, आणि म्हणून झाल्यावर बराच वेळ एकच स्क्रू पुसत बसले होते.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले. आणि जवळ येऊन, फक्त तिला ऐकू येईल असं, "हात नेहमीसारखा ठेवा."

नेहमीसारखा. ती बसली. काकांनी यंत्र गादीवरून उचलून आणलं. एकेक बोट आपापल्या टोपीत गेलं. शेवटी अंगठा, आणि तो आत जाताना तिला रेषांवर रेषा बसल्याचं जाणवलं, की जाणवल्यासारखं वाटलं. पट्टा. वायर. हिरवा दिवा. आज लागला होता. तिने तो दोनदा पाहिला.

पेला समोर. निम्मं पाणी. त्यात खिडकीचा तुकडा, निश्चल.

तिने डोळे मिटले आणि मुलीचा हात शोधला… सापडेना. खांदा होता, गळ्याशी उष्ण श्वास होता, तो हात उचलून सोडला तर पडेना, हवेत तरंगत राहिला, विचारू लागला की आई, मला धरलंय कोणी? ती हातातून बाहेर यायला बघत होती आणि दारातच कुणी उभं होतं. रविवारपासून हे असंच. पाच बोटांत पाच माणसं जागी. म्हणजे आज मी सोडूच शकणार नाही. म्हणजे उचलीन. मलाच उचलावा लागेल, जाणूनबुजून, डोळ्यांदेखत, आणि तो किती सुंदर उचलला जाईल…

"एक विचारू?" नव्या बाई म्हणाल्या. डॉक्टरांचं बोट बटणापर्यंत गेलेलं थांबलं. "हात कसा सोडता तुम्ही? म्हणजे, मला जमत नाही. आमच्याकडे आम्ही लोकांना दिवसभर सांगत असतो, सोडा, सैल सोडा. कुणाला जमत नाही."

हा प्रश्न कुठल्याच टप्प्यात कुणी विचारला नव्हता. तरी याला एक उत्तर तयार होतं — 'सवयीने', असं. डॉक्टर तिच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ ते उत्तर आधीच आकारत होते. काकांनी दारापाशी पाय बदलला. बाईंचा चेहरा साधा होता, काही पकडायला बसलेला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, मनगट चोळत, एका दमलेल्या माणसाने दुसऱ्याला वाट विचारावी तसं.

"आजवर वाटायचं, सोडते म्हणून," ती म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "आता नक्की सांगता येत नाही."

घड्याळवाल्यांनी घड्याळावरून नजर उचलली. डॉक्टरांनी चष्मा काढला, आणि पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले. आता विचारतील. आता कुणीतरी पुढचं विचारील, आणि मग सांगावं लागेल. वायर, स्टूल, दिवा. सांगेन. सांगेन का? पण बाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली, बराच वेळ, ओळखीचं काही ऐकल्यासारखी, आणि खुर्ची पुढे ओढून टेबलाशी अगदी जवळ येऊन बसल्या.

"बघू या," त्या म्हणाल्या.

आणि त्या दोन शब्दांनी की काय, की रविवारपासून पहाऱ्यावर उभं राहून राहून, खांद्यातून काहीतरी उतरायला लागलं. खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात; मुद्दाम काढलेली झोप नव्हे, मुलीच्या हाताची आठवण नव्हे, तर हा नुसता शीण — नळांचा, कड्यांचा, कोमट पाण्याचा, काखेत घातलेल्या हाताचा — भरलेल्या बादलीसारखा जड, तळाला जाऊन टेकला. तिला आठवलं, रात्री झोपेत कधीतरी नवऱ्याच्या त्या मुठीत तिचं एक बोट जातं. कसं जातं कळत नाही. सकाळी ती ते सोडवून घेते. तो म्हणतो, मी नाही धरलं. ती म्हणते, मी नाही घातलं. दोघंही खरं बोलत असतात.

डॉक्टरांनी बटण दाबलं.

मोटर कुरकुरली. तारा एकेक करून ताणल्या, अंगठ्याची सर्वांत शेवटी. हात टेबलावर पडला होता, हिरव्या कापडावर, थोडा वळलेला, कुणाचा तरी. पेला उचलला जाईल की नाही? तिला माहीत नव्हतं. पाणी अजून स्थिर होतं, खिडकीचा तुकडाही. डोळे मिटायचे असतात, हे ती विसरली होती. आणि समोरच्या बाई वाकल्या तशी, दारातले काका पुढे झुकले तशी, तीही जरा पुढे वाकली आणि बघू लागली.